भिकाजीचं बाकडं

“…पण त्याला कळतं काय, महाराज? सातवी शिकलेला माणूस!”

सहजगिरी महाराज मठाच्या ओसरीवर ज्वारी निवडत होते. एक खडा सापडला, तो बाजूला ठेवला.

विचारणारे मनोहर टिपणीस. पाथरवेलच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वीस वर्षं मठात येत होते, पण इतक्या चढ्या आवाजात कधी बोलले नव्हते. मांडीवर फाइल. फाइलमध्ये वर्तमानपत्रांत छापून आलेली त्यांची एक्केचाळीस पत्रं.

“कुणाबद्दल बोलतोयस?”

“भिकाजी राऊत. बाजारपेठेत सलून आहे त्याचं. सकाळ झाली की अर्धं गाव तिथे. एसटी स्टँड गावाबाहेर हलवणार अशी बातमी आली आणि तेव्हापासून तर जत्राच.”

“काय म्हणतात लोक?”

“काहीही! रशीद मेकॅनिक म्हणतो, हलवाच, गाड्यांना वळायला जागा नाही. शेजारी इंदूबाई भाजी विकते. ती बसल्या जागेवरून ओरडते, आधी माझी पाटी डोक्यावर घेऊन तिथवर चालून दाखव. तिसरा म्हणतो, तिकडच्या जमिनी कुणी घेऊन ठेवल्यात ते बघा. एकाचं दुसऱ्याला पटत नाही. भांडतात, हसतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.”

“आणि भिकाजी?”

“दाढ्या करतो. मधेच म्हणतो, ‘बरं, मग?’ नाहीतर रशीदला म्हणतो, ‘इंदूबाई काय म्हणाली ते ऐकलंस का?’ एवढंच! याला काय मत म्हणायचं?”

महाराजांनी आणखी एक मूठ सुपात घेतली.

“स्टँडबद्दल मी सहा पत्रं लिहिली, महाराज. आकडे दिले. नकाशा काढला. वाचनालयाच्या फळ्यावर कात्रणं लावली. तिथे कुणी उभं राहत नाही. एक कुत्रं झोपतं सावलीला.”

“सलूनमधलं सगळं बोलणं तुला कसं ठाऊक?”



“समोर चहाचं हॉटेल आहे. तिथे बसतो… सलूनकडे पाठ करून.”

“कधीपासून?”

“चैत्रापासून.”

“आता भाद्रपद चाललाय.”

“…हो.”

महाराजांनी सूप खाली ठेवलं.

“आणि मग काय केलंस?”

टिपणीस फाइलची दोरी बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले.

“अर्ज केला. नगरपालिकेत. सलूनबाहेर बाकडं टाकलंय, त्याचा रहदारीला अडथळा होतो म्हणून. सोमवारी माणसं आली, बाकडं उचलून घेऊन गेली.”

“अडथळा होत होता?”

“…नाही.”

“लोक यायचे थांबले?”

“उभे राहतात आता. उभ्यानं बोलतात. जास्तच बोलतात.”

महाराज हसले नाहीत.

“काल मी तिथून चाललो होतो,” टिपणीस म्हणाले. आवाज आता खाली आला होता. “भिकाजीनं हाक मारली. ‘सर, आत या. खुर्ची रिकामी आहे.’ त्याला सगळं माहीत होतं, महाराज. अर्जाची नक्कल त्याला मिळालेली. खाली माझी सही. सही तर सगळं गाव ओळखतं, प्रत्येकाच्या दाखल्यावर आहे.”

“गेलास?”

“गेलो. नाही म्हणता येईना. त्यानं मानेभोवती कापड बांधलं, साबण लावला. सगळे गप्प. रशीद गप्प. वाटलं, आता हा बोलणार. चार लोकांत माझी लाज काढणार. काढावी, असंही वाटलं.”

“मग?”

“मग त्यानं विचारलं… ‘सर, स्टँडचं तुम्हाला काय वाटतं?’”

वाऱ्यानं सुपातलं फोलकट उडालं.

“सगळे माझ्याकडे बघत होते. खरंच ऐकायचं होतं त्यांना. इंदूबाई भाजी टाकून दारात येऊन उभी राहिली. आणि मला… मला काही बोलताच येईना. सहा पत्रं लिहिलीत मी! एक वाक्य तोंडातून निघेना. दाढी झाली, उठलो, घरी आलो.”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘राहू द्या सर, उद्या सांगा.’”

टिपणिसांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

“पस्तीस वर्षं शिकवलं, महाराज. मुलं विचारायची, हे परीक्षेला येईल का. घरी विचारतात, भाजी कुठली करायची. ‘सर, तुम्हाला काय वाटतं?’ असं आजवर एकानंही विचारलं नाही. विचारलं ते यानं. यानंच का? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर चाललं असतं. माझं बाकडं… म्हणजे त्याचं बाकडं… मी त्याचं बाकडं काढलं आणि त्यानं मला खुर्ची दिली. तिथेही तोच वरचढ. आता तर त्याचं नावही ऐकवत नाही.”

“याला काय म्हणतात?”

“हेवा. कळतंय मला. कळून जात नाही.” त्यांनी मान वर केली. “तुम्हाला कसं सांगू, महाराज. तुम्ही यातून केव्हाच सुटलात.”

महाराज उठून ओसरीच्या कडेला गेले. खाली टेकडीच्या पायथ्याशी बाजारपेठेचे पत्रे दिसत होते. तिकडे बघत राहिले.

“पन्नास वर्षं झाली,” ते म्हणाले, “लोक माझ्याकडे येतात. प्रश्न विचारतात, उत्तर घेतात, उतरून जातात. आपलं स्वतःचं म्हणणं काय, ते मला कुणी सांगत नाही. ते सांगायला त्याच्याकडे जातात.”

…

“मलाही वाटतो,” महाराज म्हणाले. “हेवा.”

टिपणीस बघतच राहिले.

“तुम्हाला? भिकाजीचा?”

“हो.”

“मग… मग तुम्ही काय करता?”

महाराजांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून सावकाश हात फिरवला.

“दर बुधवारी त्याच्यापुढे जाऊन बसतो. मान खाली घालून.”