तीनदा परत आलेला मॉनिटर

"मग माझं चुकलं कुठं, तेवढं बोट ठेवून दाखवा की!"

हेमराज पोतदारनं पेचकस टेबलावर आपटला.

"त्या पेचकसानं तुझं काय घोडं मारलंय? उचल आधी."

हेमराजनं उचलला. अनसूयाक्काचं ऐकायचं नाही, असं विट्याच्या बाजारपेठेत अजून कुणाला जमलं नव्हतं. चाळीस वर्षं ही बाई रेडिओ आणि टीव्ही उघडून बसलेली. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं सगळं तिला बंद पडलेल्या रेडिओंनी शिकवलं.

हेमराजकडं मात्र डिप्लोमा होता. पहिल्या वर्गातला. त्यानं तो काचेत बसवून दुकानात टांगला होता, अक्काच्या कॅलेंडरच्या वीतभर वर.

"काय करायचं ठेवलं मी?" तो बोटांवर मोजू लागला. "कपॅसिटर बदलले. सोल्डरचे जुने टाके काढून नवे मारले. आत साचलेली यंत्रमागाची रुई ब्रशनं झाडली. मागं छोटा पंखासुद्धा बसवला. इथं या टेबलावर दिवसभर चालवला, हूं नाही की चूं नाही. आणि जुलेखाचाचींच्या घरी गेला की पंचवीस मिनिटांत तापून बंद!"

"हं."

"तीन वेळा परत आला. चौथ्यांदा काल पोचवला, तर आत्ता पुन्हा फोन. यात दोष माझा?"

"मी कुठं म्हणाले तुझा?"

"मग कुणाचा?"

अक्कानं पानाचा डबा उघडला, बंद केला.

जुलेखाबी मोमीन साड्यांचे काठ रेखाटायची. तिचा कॉम्प्युटर इतका जुना की नव्या पातळ पडद्यांना तो ओळखच देत नसे. त्याला तोच जाडजूड, काचेच्या पोटाचा, दोघांनी उचलायचा मॉनिटर लागायचा. शुक्रवारी बारा साड्यांचा मोर द्यायचा होता, आणि मोराची मान काढायला घेतली की पडदा मिटायचा.

हेमराजचंही त्यात अडकलं होतं. दुकानाच्या पाटीवर अक्काच्या नावाखाली आपलं नाव लिहायला त्यानं उतावळेपणानं आजच दुपारी पेंटर बोलावला होता. अक्काची अट एकच होती. त्याच्या हातून गेलेला सेट आठ दिवस परत येता कामा नये. घरी त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सासुरवाडीलाही.

"माझं ऐका," हेमराज जरा नरमाईनं म्हणाला. "मी लिहून देतो, मॉनिटर संपला. भंगारात घालू. म्हणजे तो परत आलेल्यांत धरायला नको."

"माणूस मेल्याचा दाखला दिला म्हणजे डॉक्टर पास होतो व्हय रे?"

"तसं नाही..."

"तिथं बसलास कधी? का चालू केला, दाखवला, आणि निघाला?"

इथं हेमराजची छाती फुगली. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊकच होतं.

"तिसऱ्या खेपेला तासभर बसलो. घड्याळ लावून! एक तास बारा मिनिटं. पडदा लखलखीत. मी दुकानात पोचतोय तोवर चाचींचा फोन, बंद पडला म्हणून. आता बोला."

अक्काची भुवई वर गेली.

"तुझ्यासमोर पडत नाही?"

"कधीच नाही."

"तू गेलास की पडतो?"

"हो! चाचींचा हातच गरम असणार. दुसरं काय?"

अक्का उठली. पायात चपला सरकवल्या.

"चल."

"थांबा, फोन करतो. येतोय म्हणून सांगतो."

"खिशात घाल तो."

"असं न सांगता कसं जायचं कुणाच्या घरी? काही रीत असते, अक्का."

"तुझी रीत चार खेपा झाली. आता माझी."

* * *

अक्का पुढच्या दारानं गेलीच नाही. गल्लीला वळसा घालून मागच्या दारी आली, जिथं भांडी घासतात. इस्त्रीचा शर्ट सावरत हेमराज खरकट्यातून वाट काढत होता. पलीकडच्या खोलीत माग खडखडत होते.

"जुलेखा! घोटभर पाणी दे गं."

जुलेखाबी मॉनिटरसमोर बसली होती. ती दचकून उभीच राहिली. "या अल्ला! अक्का? आणि हेही? सांगून तरी यायचं! थांबा, थांबा, जरा आवरते..." आणि तिचे दोन्ही हात मॉनिटरकडं धावले.

"हात खाली!"

अक्काचा आवाज मागांच्या वर गेला. जुलेखाबीचे हात तसेच हवेत राहिले.

"काही आवरायचं नाही. कधी चालू केलास?"

"आत्ताच. दोन मिनिटं झाली असतील."

"मग बस आणि मोर काढ. आम्ही आलोच नाही असं समज."

हेमराजनं खोलीभर नजर फिरवली. चार वेळा तो इथं येऊन गेला होता. तरी ही खोली त्यानं पाहिलेली नव्हती.

खिडकी गच्च बंद. वरचा पंखा बंद. मॉनिटरला मखमलीचं टोपडं, झालर लावलेलं, फक्त तोंड उघडं. त्याची पाठ भिंतीला चिकटलेली. हेमराजनं बसवलेल्या छोट्या पंख्याची वायर खाली लोंबत होती, आणि त्या जागी मोबाइलचा चार्जर. टोपड्याच्या वर एक स्टीलचं भांडं, टॉवेलात गुंडाळलेलं, जसं काही तान्हं मूल.

"हे... हे रोज असं असतं?"

"छे हो!" जुलेखाबीला लाज वाटली. "तुम्ही यायचे असलात की काढते ना मी सगळं. तुमचा फोन आला की खिडकी उघडते, पंखा लावते, टोपडं काढून मॉनिटर पुसून घेते. इंजिनिअर माणूस घरी येणार, आणि असा पसारा दाखवू?"

"आणि मी गेलो की?"

"गेलात की पुन्हा लावते. मागाची रुई उडते हो. खिडकी उघडी ठेवली की सगळी यात जाते. मशिन जपायला नको? टोपडं मीच शिवलं, भारीतली मखमल आहे."

हेमराजनं भांड्याकडं बोट केलं.

"त्यात काय आहे?"

"दही. थंडीत लागत नाही ना कुठं. यावर कसं ढेकळासारखं लागतं! तुम्हाला ताक दिलं ते यातलंच की. म्हणालात नव्हं, चाची, असं ताक विट्यात नाही. दोन पेले प्यालात."

अक्काला ठसका लागला. तिनं पदर तोंडाशी धरला. खांदे हलत होते, पण आवाज काही बाहेर येऊ दिला नाही.

हेमराज पुढं सरसावला. "मी काढतो ते टोपडं."

"बस खाली."

"अक्का, तापतोय तो! हात लावून बघा!"

"तापू दे. जुलेखा, लसूण सोलायचा असंल तर आण."

लसूण आला. परातभर. अक्कानं अर्धा हेमराजच्या पुढ्यात सारला. डिप्लोमावाला माणूस मांडी घालून बसला आणि नखानं लसूण सोलू लागला.

दहा मिनिटं झाली.

"बंद पडेल, अक्का. चाचींचा मोर जाईल."

"जुलेखा, मोर ठेवलास का साठवून?"

"ठेवते." टक् टक् झालं. "ठेवला."

"मग पडू दे. मी त्याचीच वाट बघतेय."

दुरुस्तीवाला बंद पडायची वाट बघत बसतो, हे हेमराजनं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्याला घाम फुटला. मॉनिटरलाही फुटला असता, सोय असती तर.

अठरा मिनिटं... एकवीस...

तेविसाव्या मिनिटाला मोर कडेनं आक्रसला. एकदा थरथरला. मग पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, आणि तोही गेला.

"आला!" अक्कानं टाळी वाजवली. लग्नघरात वरात आल्यासारखी.

"कोण आलं?" जुलेखाबीनं दाराकडं पाहिलं.

"दोष," म्हणत अक्का उठली.

अक्कानं बटण बंद केलं, प्लग काढला, भांडं अलगद उतरवून जुलेखाबीच्या हातात दिलं. टोपडं काढलं, घडी घातली. पाठीमागच्या जाळीवर हात धरला आणि हेमराजचाही हात ओढून तिथं धरला. तव्यावरून वाफ यावी तशी ऊब होती.

"गार होऊ दे पुरता. तोवर आत बोट घालायचं नाही. बंद असला तरी आतली वीज लगेच जात नाही."

"ते माहीत आहे मला," हेमराज म्हणाला. मग हळूच, "तेवढं तरी."

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. मॉनिटर भिंतीपासून हातभर पुढं ओढला. खाली मागाच्या लाकडाचे दोन तुकडे सरकवले, पोटाखालून वारा जावा म्हणून. खिडकी उघडली आणि तिच्यावर मलमलचं जुनं धोतर ताणून बसवलं. रुई बाहेर, वारा आत. चार्जर निघाला, छोटा पंखा परत लागला.

"टोपडं टाकून देऊ?" जुलेखाबीचा चेहरा उतरला होता.

"कशाला टाकतेस? एवढी झालर लावलीस ती. काम संपलं, बटण बंद केलं, वर तळहात ठेवला आणि गार लागला की घाल. चालू असताना नाही."

"आणि दही? दही कुठं लावू?"

मॉनिटर वाचला, मोर वाचला, तरी खरी काळजी तीच होती.

"पिठाच्या डब्यात पुरून ठेव भांडं. सकाळी बघ कसं लागतं."

मॉनिटर चालू झाला. पंचवीस मिनिटं गेली. पन्नास गेली. मोराला मान आली, चोच आली, डोक्यावर तुरा आला. जुलेखाबी गुणगुणत दुसरा मोर घ्यायला लागली. हेमराजनं वर तळहात ठेवला. कोमट. नुसता कोमट.

लसूण संपला होता.

मागच्या दाराशी चपला घालताना हेमराजनं विचारलं, "पेंटरला नको म्हणून कळवू ना?"

"आज नको म्हण. आजपासून आठ दिवस मोज. हा परत आला नाही की लिहू."

"आजपासून?" हेमराज तिथंच थांबला. एक चप्पल पायात, एक बाहेर. सकाळचं भांडण पुन्हा त्याच्या ओठांवर आलं. "म्हणजे माझं आधीचं काम गेलं पाण्यात? टाके बरोबर होते, अक्का. कपॅसिटर बरोबर होते. मी काय झोपलो नव्हतो इथं! त्या खुर्चीवर तासभर डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. दोष इथं असता, तर मला दिसला नसता?"

अक्का पायरी उतरता उतरता थांबली. वळली. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला चिकटलेलं लसणाचं साल तिनं चिमटीत धरून काढलं.

"होता की रे तिथंच. तू आलास की उठून तुला बसायला जागा द्यायचा."