फौजदारांचे बूट

आमच्या आळीत भरदिवसा मंगळसूत्रं हिसकावली जात होती. बऱ्याच तक्रारींनंतर फौजदार उगवले, तेही सल्ला द्यायला! मारुतीच्या देवळाबाहेर बूट काढून ते आत सभेला बसले आणि जमलेल्या बायकांवरच गुरकावले, "सोनं मिरवता म्हणून चोर येतात. चूक तुमचीच. दागिने घरी ठेवून फिरत जा!"

मंगळसूत्र गेलेल्या कलावती साळोखे गुपचूप उठून बाहेर जाऊन आल्या.

सभा संपली, तर फौजदारांचे बूट गायब! ते गरजले, "कुणी हलायचं नाही! सगळ्यांच्या पिशव्या तपासा!"

"कशाला, साहेब? चूक तुमचीच. इतके चकचकीत बूट घालून आलातच का?" म्हणत कलावतीबाईंनी पिशवीतले बूट त्यांच्यापुढे आदळले. "तुमचे बूट गेले तर झडती, आणि माझं मंगळसूत्र गेलं तर उपदेश?"