लिनबाईंचा नवा कीबोर्ड

एका गावात एक छोटी कंपनी होती. गाव सातारा, आणि कंपनी एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला, मसाल्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली मिरची कुटली जायची, वर सॉफ्टवेअर लिहिलं जायचं. शिंका मात्र दोन्हीकडे सारख्याच यायच्या.

त्या कंपनीत दिगंबर शेलार नावाचा प्रोग्रामर होता. कारखान्यातला माल कुठल्या फळीवर आहे, किती आहे, हे सांगणारा ‘कोठी’ नावाचा प्रोग्राम त्यानं नऊ वर्षांपूर्वी एकट्यानं लिहिला होता. चाळीस कारखाने त्यावर चालत होते. “दिगंबरच्या कामात चूक नसते,” असं मालक मोकाशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दिगंबर वरवर लाजायचा आणि आतून फुगायचा. माणसाचं एकदा असं नाव झालं, की ते सांभाळण्यातच त्याचा निम्मा जीव खर्च होतो.

एके दिवशी शेजारच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यातून निरोप आला. त्यांनी चीनमध्ये नवा कारखाना काढला होता. तिथल्या लोकांना कोठी चिनी भाषेत हवी होती. मोकाशींनी दिगंबरला न विचारताच फोनवर सांगून टाकलं, “तीन आठवड्यांत देतो.”

दिगंबर कामाला लागला. बटणं चिनीत आली, रकाने चिनीत आले. मग त्यानं एका व्हॉल्व्हचं चिनी नाव भरलं, जतन केलं, आपल्या टेबलावरचा चाचणीचा सर्व्हर बंद-चालू केला आणि पुन्हा उघडून पाहिलं. नावाच्या जागी चार प्रश्नचिन्हं उभी होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण ती कुठून आली हे त्याला बघताक्षणी कळलं. माल जसा कोठारात, तशी नावं डेटाबेसमध्ये साठतात. नऊ वर्षांपूर्वी दिगंबरनं तो बांधला तेव्हा एका अक्षराला एकच खण दिला होता. इंग्रजी अक्षर एका खणात मावतं. चिनी अक्षराला तीन लागतात, आपल्या मराठीलाही तीन लागतात. पण कारखान्यांत मालाची नावं इंग्रजीतच लिहायची रीत. मराठीला जागा ठेवा, असं साताऱ्यात एकाही गिऱ्हाइकानं कधी म्हटलं नव्हतं, आणि दिगंबरलाही ते सुचलं नव्हतं. आता न मावणारं अक्षर डेटाबेस फेकून देत होता आणि त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवत होता. फेकलेलं अक्षर पुन्हा मिळत नाही.

उपाय एकच होता, पाया नव्यानं बांधायचा. त्याला दोन महिने हवे होते, आणि हाताशी उरले होते नऊ दिवस. मोकाशींच्या खोलीत जाऊन “सर, चूक माझी आहे, वेळ लागेल,” एवढं सांगायचं होतं. दिगंबर दोनदा त्या दारापर्यंत गेला. दोन्ही वेळा आतून मोकाशींचा आवाज आला. ते कुणालातरी त्याचंच कौतुक सांगत होते. तो आल्या पावली परत फिरला.

मग त्यानं चार ओळी लिहिल्या. प्रश्नचिन्ह दिसलं की ती जागा कोरी ठेवायची, एवढंच त्या ओळी करत. नंतर सवडीनं पाया बदलू, असं त्यानं मनाला समजावलं. मनही शहाणं, लगेच समजलं.

डेमो झकास झाला. कारण असं, की नुकतंच भरलेलं सगळं सर्व्हर आपल्या तात्पुरत्या आठवणीत ठेवतो आणि पडद्यावर तिथूनच दाखवतो. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, की ती आठवण पुसली जाते. कोठीचा सर्व्हर महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी बंद-चालू व्हायचा. तोवर पडद्यावर चिनी अक्षरं कशी मोत्यासारखी दिसणार होती. मोकाशींनी कंदी पेढे मागवले. दिगंबरनं आपला पेढा कागदात गुंडाळून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

सोमवारी चीनमधल्या कारखान्यात काम सुरू झालं. तिथल्या स्टोअरमध्ये लिन नावाच्या एक बाई होत्या. साताऱ्याच्या ऑफिसात सगळे त्यांना लिनबाई म्हणू लागले. तीन हजार वस्तूंची नावं त्यांना एकटीनं भरायची होती. पहिल्याच दिवशी त्यांचं इंग्रजीत पत्र आलं, “आजवर परक्या भाषेत काम केलं. आमच्या भाषेतला हा पहिलाच प्रोग्राम. आभारी आहे.” मोकाशींनी ते पत्र छापून भिंतीवर लावलं, नेमकं दिगंबरच्या टेबलासमोर.

आता दिगंबरला एकच उद्योग उरला. तासातासाला तो डेटाबेस उघडून पाही. पडद्यावर लिनबाईंची अक्षरं, आणि खाली साठ्यात नुसती प्रश्नचिन्हं. सोमवारी दीडशे ओळी, मंगळवारी तीनशे. तिकडे त्या भरत होत्या आणि इकडे ते रितं होत होतं. फोन वाजला की तो आधी नंबर बघायचा, मग उचलायचा. मोकाशींनी नुसतं “दिगंबर,” म्हणून हाक मारली तरी तो उघडलेला डेटाबेस झटकन बंद करायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. महिन्याचा पहिला रविवार तेरा दिवसांवर होता. मग बारा, मग अकरा.

शुक्रवारी लिनबाईंचं दुसरं पत्र आलं. सातशे नावं झाली होती. त्यांनी नमुना म्हणून चार लेबलं छापून पाहिली आणि ती कोरी निघाली. लेबल छापताना प्रोग्राम आठवणीतून नाही, थेट साठ्यातून वाचतो, हे त्या बिचारीला काय ठाऊक? त्यांनी लिहिलं होतं, “पडद्यावर सगळं बरोबर दिसतं, म्हणजे चूक माझ्याच टाइप करण्यात असावी. क्षमा करा. काय चुकतंय ते सांगाल का?”

मोकाशींनी पत्र वाचलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. “कीबोर्डचा घोळ असणार. आपल्याकडे चूक नाही ना?”

दिगंबरला वाटलं, देवानंच दार उघडलं. पुढच्याच क्षणाला त्याला स्वतःची शिसारी आली. पण तोंडातून शब्द निघाला तो असा, “नाही, सर.”

आणि त्यानं आपल्या हातानं उत्तर लिहिलं: कीबोर्ड तपासून घ्या, सगळी नावं पुन्हा नीट भरा, आणि पूर्ण भरून होईपर्यंत लेबलं छापू नका. शेवटचं वाक्य त्यानं का घातलं, हे त्याचं त्यालाच माहीत होतं.

शनिवार-रविवार तो घरात असून नसल्यासारखा होता. सोमवारी लिनबाईंचं उत्तर आलं, “नवा कीबोर्ड आणला. सुट्टीच्या दोन्ही दिवशी येऊन पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. आता प्रत्येक नाव भरल्यावर मोठ्यानं वाचते, म्हणजे चूक होणार नाही.”

दिगंबरनं ते पत्र तीनदा वाचलं. दूर कुठेतरी एक बाई कोऱ्या करकरीत कीबोर्डसमोर बसून व्हॉल्व्हची नावं मोठ्यानं वाचते आहे, हे चित्र काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तरीही तो सोमवारी बोलला नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. चूक सांगणं पहिल्या दिवशी जेवढं जड असतं, त्याच्या दुप्पट दुसऱ्या दिवशी होतं. आता तर ते त्याला उचलवेना.

ऑफिसात सुलभाताई गुरव नावाच्या एक वयस्क बाई होत्या. कोठीची माहितीपुस्तिका त्या लिहीत. तरुणपणी त्यांनी एका छापखान्यात मराठी टाइप करण्यात वीस वर्षं काढली होती. लिनबाईंच्या कीबोर्डची गोष्ट त्यांच्या मनाला पटत नव्हती. दुखणं एकीकडं आणि मलम भलतीकडं, असं त्यांना वाटत होतं. गुरुवारी सकाळी त्यांनी एक साधी गोष्ट केली. नऊ वर्षांत साताऱ्यातल्या एकाही माणसानं ती केली नव्हती. त्यांनी कोठी उघडली आणि वस्तूच्या नावाच्या रकान्यात मराठीतून आपलंच नाव लिहिलं. मग लेबल छापलं.

लेबल घेऊन त्या दिगंबरच्या टेबलाशी आल्या.

“दिगंबर, हे बघ रं. माझंबी नाव खाल्लं की ह्यानं!”

दिगंबरनं पाहिलं. लेबल पांढरंफट्ट होतं.

“माझा कीबोर्ड तर चांगला हाय,” सुलभाताई म्हणाल्या. “मग त्या पोरीनं नवा कशापायी आणला?”

त्यांच्या बोलण्यात ना संशय होता ना टोमणा, त्या खरोखरच विचारत होत्या. दिगंबरनं लेबल हातात घेतलं. ‘ताई, तुमच्या प्रिंटरची शाई संपली असेल,’ हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. हे आठवडाभरातलं तिसरं खोटं झालं असतं. समोर भिंतीवर लिनबाईंचे आभार होते, रविवार तीन दिवसांवर होता, आणि हातात एका चांगल्या बाईचं पुसलेलं नाव होतं. त्याचे डोळे भरून आले.

“ताई, कीबोर्डचा काहीच दोष नाही,” तो म्हणाला. “दोष माझा आहे. मला आधीपासून माहीत होता.”

सुलभाताईंनी त्याच्या हातातलं लेबल काढून घेतलं. मग म्हणाल्या, “मला सांगून काय उपेग? ऊठ आधी.”

तो उठला. या खेपेला दारापासून परत फिरला नाही. मोकाशींना त्यानं सगळं सांगितलं, एक खण, तीन खण, चार ओळी, सगळं. मोकाशींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही माझं कौतुक करत होता, सर.”

मोकाशी बरंच काही बोलले. ते सगळं दिगंबरनं मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण त्यातलं बरंचसं खरं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, “आता काही वाचवता येईल का?”

वाचवता येण्याजोगं होतं. सर्व्हरच्या आठवणीत लिनबाईंनी भरलेली नावं अजून शाबूत होती. रविवारच्या आत ती वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घेतली, की एकही जाणार नव्हतं. हे काम दिगंबरला पहिल्या दिवशीही येत होतं. पण त्यासाठी लिनबाईंना थांबवावं लागलं असतं, आणि का थांबवलं हे सांगावं लागलं असतं. तेवढ्या एका सांगण्यासाठी अकरा दिवस गेले होते. मोकाशींनी व्हॉल्व्हच्या कारखान्याला फोन लावून दोन महिन्यांची मुदत मागितली. तिकडून काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिगंबरच्या हातून त्या कामाचं प्रमुखपद गेलं. तो फाइल उतरवत बसला. संध्याकाळपर्यंत सगळी नावं सुखरूप उतरली होती.

मग त्यानं लिनबाईंना पत्र लिहिलं. पुष्कळ खोडलं, पुष्कळ पुसलं. शेवटी एवढंच उरलं:

“कीबोर्ड चांगला होता. तुम्हीही बरोबर होता. चूक माझी आहे आणि ती मला तुम्ही काम सुरू करण्याआधीपासून ठाऊक होती. आता टाइप करू नका. तुमची सगळी नावं आमच्याकडे सुरक्षित आहेत.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दिगंबरला वाटलं होतं, त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उत्तर दोनच ओळींचं होतं:

“कळवल्याबद्दल आभार. पण चूक माझी आहे असं मी सोमवारीच आमच्या साहेबांना लिहून आणि सही करून दिलं आहे. तुमचं पत्र त्यांना दाखवलं तर चालेल ना?”

दिगंबरनं त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. जे एक वाक्य उच्चारायला त्याला इतके दिवस लागले, ते वाक्य एका निर्दोष बाईनं त्याच्याआधीच सही करून दिलं होतं.

त्यानं उत्तर पाठवलं, “जरूर दाखवा. आणि तुमच्या साहेबांचा पत्ता मला द्या. त्यांना मी स्वतः लिहितो.”

तात्पर्य: झाकलेली चूक जिरत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी माथी जाऊन बसते, आणि माणूस जितका भला तितक्या लवकर तो ती आपली मानतो. म्हणून आपली चूक वेळीच आपल्या तोंडानं सांगावी.