मारुतीपुढचा सोनेरी डबा

एका गावात एक तालीम होती आणि तिचे वस्ताद होते केरबा. त्यांचा शब्द खाली पडत नसे. वस्तादांना उलट प्रश्न विचारायचा नाही, असा तिथला दंडकच होता.

पूर्वी पैलवानांना खुराक म्हणून दुधात वाटलेले बदाम मिळत. मग शहरातून ताकदीच्या पावडरीचा डबा आला. सोनेरी, चकचकीत. त्यावर दंड फुगवलेला एक मल्ल आणि त्याच्या पायाशी बारा टपोरे बदाम. केरबा वस्ताद बघतच राहिले. एवढं बळ एवढ्याशा डब्यात! त्यांनी बदाम वाटणं बंद केलं. नवा डबा आला की तो मारुतीपुढे ठेवायचा, गंधफूल वाहायचं आणि मगच उघडायचा, अशी रीत पडली. डब्याचं तोंड पैलवानांकडे असे, पाठ मारुतीकडे.

सहा महिन्यांत वस्तादांच्या लाडक्या चेल्याचा, दौलूचा, दम आटला. पोट सुटलं. जत्रेच्या कुस्त्या पंधरा दिवसांवर आलेल्या, आणि हा तिसऱ्या मिनिटाला धापा टाकायचा.

"चोरून काय हादडतोस रे?" वस्ताद गरजले.

"तुम्ही देता तेवढंच, वस्ताद."

"मग मेहनत चोरतोस. उद्या लंगोट उचल आणि नीघ. माझ्या तालमीत आळशाला जागा नाही."

दहाव्या वर्षापासून त्या मातीत वाढलेला दौलू मान खाली घालून घरी गेला.

त्याची आत्या हौसाक्का मात्र गप्प बसणारी नव्हती. तीस वर्षं तिनं दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. सकाळी ती दौलूसोबत आली आणि तालमीच्या पायरीवर बसली. बाईनं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तिला ठाऊक होतं.

"वस्ताद, आमचं पोरगं काय पितं ते जरा बाहेर आणा."

"मारुतीपुढचा डबा आहे तो, हौसाक्का. त्यात काय बघायचं?"

"मारुती रोज त्याची पाठ वाचतोय. तुम्ही एकदा तरी वाचलीत का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वस्तादांनी डोळे वटारले, पण डबा आणून दिला.

हौसाक्कानं चष्मा चढवला. अक्षरं मुंगीएवढी होती. तिनं बोट ठेवून वाचलं. "ज्याचं वजन सगळ्यांत जास्त, त्याचं नाव इथं सगळ्यांत आधी लिहितात. पहिलं नाव साखर. बदाम पार शेपटाला. शंभर ग्रॅममध्ये साखर बासष्ट. अंग भरायला लागतात ती प्रथिनं फक्त सात. बदाम अर्धा ग्रॅम."

"आकडे मला सांगू नका," वस्ताद म्हणाले. "मांडून दाखवा."

समोरच्या दुकानातून काटा आला, साखर आली. पाचशे ग्रॅमच्या डब्याचा हिशेब करून हौसाक्का कागदावर साखर ओतू लागली. ढीग वाढत गेला. पैलवान एकेक करून दाराशी गोळा झाले. तीनशे दहा ग्रॅमला तिचा हात थांबला. मग तिनं ढिगाशेजारी दोन बदाम ठेवले.

"डब्यावर बारा, डब्यात दोन."

उन्हात तो पांढरा ढीग लखलखत होता. शंभर मैदानं पाहिलेले वस्ताद त्याच्यापुढे उकिडवे बसले. असा डबा लाडका दौलू एकटाच पाच दिवसांत संपवत होता, आणि रोज वस्तादच त्याला ती पावडर स्वतःच्या हातानं कालवून देत होते.

"एवढं सगळं इथं लिहिलं होतं?" त्यांनी त्या बारीक ओळींवरून बोट फिरवलं. देवळाच्या भिंतीवरचा जुना लेख चाचपावा, तसं.

"पहिल्या दिवसापासून. लबाडांनी लपवलं नाही, वस्ताद. कुणी बघणार नाही अशा जागी लिहिलं."

लंगोटाची घडी हातात धरून दौलू बाजूला उभा होता. वस्ताद उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चेल्यापुढे हात जोडले.

"आळशी तू नव्हतास, पोरा. दोन ओळी वाचायचा आळस मी केला. चल, मातीत उतर."

दौलू उतरला. तिसऱ्या मिनिटाला धापा टाकू लागला, तेव्हा वस्तादांनीच त्याची पाठ चोळली.

तात्पर्य: डब्याचं तोंड विकणाऱ्याच्या बाजूनं बोलतं, खाणाऱ्याच्या कामाचं ते पाठीवर असतं. ज्याच्या ताटात आपण वाढतो, त्याच्यासाठी तरी ते आधी वाचावं.