ठमी कुणाची

फार फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. आमच्या गावाला पैलतीरी न्यायची ती येसाई भोईण. होडी ती वल्हवायची आणि तिचा नवरा सटवा घरी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायचा. लोक त्याला हसायचे. हसून हसून भूक लागली की त्याच्याचकडे जेवायला बसायचे, असं म्हणतात.

त्यांना पोरं किती? कुणी एकवीस म्हणतं, कुणी सव्वीस. अहो, पोरं एका जागी उभी राहिली तर मोजणार ना! काही येसाईच्या पोटची, काही जत्रेत चुकलेली, काही काठावर कुणी ठेवून गेलेली, आणि दोघं-तिघं तर नुसती जेवायला बसली ती उठलीच नाहीत.

पण कोण कुठलं, ते कुणालाच सांगता यायचं नाही. कारण नवं पोर घरात आलं की, मग ते कुठूनही येवो, येसाई बाळंतिणीसारखी बारा दिवस बाजेवर पडायची. सटवा तिला डिंकाचे लाडू करून घालायचा. पाचव्या दिवशी पाचवी पूजायची, बाराव्या दिवशी बारसं. नऊ वर्षांचा घोडा पाळण्यात, पाय बाहेर लोंबताहेत, आणि बाया आपल्या म्हणताहेत, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" बारा दिवस होडी बंद आणि गाव खोळंबलेलं. पुढं पुढं यातली खरी बाळंतपणं कोणती, ते येसाईचं तिलाच आठवेना.

या गोतावळ्यातली ठमी लग्नाची झाली. पलीकडच्या गावचं स्थळ आलं, आणि मुलगा तिच्या मनात भरला. पण त्याची आत्या गिरजाबाई भलतीच करडी. तिनं एकच विचारलं, "पोरगी पोटची का पदरची? पोटची आसंल तर सुपारी फोडू. न्हाई तर आमी चाललो."

ठमीनं आईकडं पाहिलं. येसाई डोकं खाजवत म्हणाली, "काय सांगू बाई! हिच्या वक्ताला लई कळा आल्या व्हत्या, येवढं खरं. पर त्या समद्यांच्याच वक्ताला येत व्हत्या."

सटवा म्हणाला, "हिच्या पायी लाडू करपलं व्हतं. का ते गंगीच्या?"

झालं, भावंडांत जुंपली. जो तो ठमीला पोटची ठरवायला स्वतःला पदरचा म्हणवून घेऊ लागला. ठमीला काहीच उमजेना. आपण कोण, हे घरात एकालाही ठाऊक नाही, याचं तिला रडू कोसळलं. "मंग मी कुनाचीच न्हाई," असं म्हणून ती पळत सुटली आणि तिनं होडी सोडली. नदीला पूर होता.

होडी मध्यावर जाऊन गरगरू लागली. येसाई काठावर आली आणि हाका मारू लागली. "गंगे! धोंड्या! तुळशे! रामा!" घाबरून तिची अशी गत झाली की जिच्यासाठी जीव तुटत होता, तिचंच नाव तोंडी येईना. ठमी होडीतून ऐकत होती. सगळ्यांची नावं येत होती, फक्त तिचं येत नव्हतं.

पण ज्याचं नाव निघालं, त्यानं पाण्यात उडी घेतली. हाताला हात धरत पोरांची साखळी लांबत गेली. असं म्हणतात की त्या दिवशी येसाईनं शंभर नावं घेतली आणि शंभर पोरं पाण्यात उतरली. एवढी कुठून आली, देव जाणे. तरी साखळी एका हातानं कमी पडली.

तेव्हा गिरजाबाई लुगडं खोचून पाण्यात शिरली. काठाकडचं शेवटचं पोर तिनं आत ढकललं आणि स्वतः त्याच्या जागी उभी राहिली. होडी हाताशी आली. ठमी काठावर उतरली तेव्हा येसाई तिला कवटाळून अजून तुळशीलाच हाका मारत होती.

लग्न झालं. मांडवात भटजींनी विचारलं, "कन्या कुणाची?" सटवा तोंड उघडणार, एवढ्यात गिरजाबाईच गरजली, "येसाईची!"

आमच्या गावात अजून लग्नात भटजींनी तो प्रश्न केला की आईबापांनी गप्प राहायचं असतं. सगळ्या बाया एकदम म्हणतात, "येसाईची!" एका मांडवात दोन बहिणी असोत की दहा घरच्या दहा मुली असोत, उत्तर तेच. भटजी नवखा असला तर बावचळतो. म्हणतो, अहो, पण खरी कुणाची? आम्ही काय सांगणार? आम्हाला तरी कुठं ठाऊक आहे!