मधली जागा

"मग हा मुलगा झोकांड्या का खायचा?" इनामदार बाईंनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता विचारलं.

"मेंदूत तरी कारण नाही, बाई," डॉ. अन्वय म्हणाला. विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेला. "दोन दिवस बसून चेतापेशी मोजल्या. सगळ्या शाबूत."

"म्हणजे प्यायचा?"

"तसंच म्हणावं लागेल."

शवचिकित्सेच्या प्रयोगशाळेबाहेर बाकावर मुलाचे वडील, बाबू गुरव, बसले होते. मुलगा बोबडा बोलायचा, चालताना पडायचा. शेवटी घशात घास अडकून वारला. "थेंबाला शिवलो नाही म्हणायचा. मी ऐकलं नाही, घराबाहेर काढला. खरं काय ते सांगा." गुरवांचं मागणं एवढंच होतं.

"चेतापेशींच्या मध्ये काय आहे?" बाईंनी विचारलं.

"ग्लिया पेशी. नुसतं भरताड, बाई. डिंकासारख्या. त्या कोण बघतो?"

"हं. बोलत नाहीत ना त्या..."

बाई माझ्याकडे, प्रयोगशाळेच्या मदतनिसाकडे, वळल्या. "जगताप, ग्लिया दिसतील अशा रंगातल्या दोन काचा आणा."

त्या मी सकाळीच रंगवून वाळत ठेवल्या होत्या. पहिली निरोगी मेंदूची. अन्वय वाकला.



"चांदण्या!" तो पुटपुटला. "सगळीकडे आहेत. एक पाय रक्तवाहिनीवर, एक हात चेतापेशीभोवती..."

"भरवतायत. तुझ्या गळ्यात पदक पडत होतं, तेव्हाही भरवत होत्या."

अन्वयचे कान लाल झाले. पण डोळा काचेवरून निघेना.

बाईंनी दुसरी काच सरकवली. ती गुरवांच्या मुलाची.

त्याच चांदण्या. पण फुगलेल्या, आत गुठळ्या साचलेल्या, हात आखडलेले. त्यांच्या मधोमध चेतापेशी. शाबूत... आणि एकटी.

अन्वय सावकाश सरळ झाला. टेबलावरचा आपला अहवाल त्याने उभा फाडला.

"आजारी होता, बाई. खरं बोलत होता तो."

त्याने बाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"पण हे वडिलांना कसं सांगू? काय शब्द वापरू?"

बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"शब्द नंतर. आधी शेजारी जाऊन बस."