लेखनिक मिळण्याबाबत

विषय : द्वितीय वर्ष कला शाखेतील कु. शाहीन तांबोळी हिला हाताच्या कंपामुळे सोमवारच्या परीक्षेत लेखनिक मिळण्याबाबत.

अर्जाला सिव्हिल सर्जनचा दाखला जोडलेला होता. प्राचार्य उपासनींनी तो दोनदा वाचला आणि समोर उभ्या शाहीनकडे पाहिलं.

"तू सांगणार, दुसरी कोणीतरी लिहिणार. मग पेपर तुझा कशावरून?"

"उत्तरं माझीच असतील, सर."

"नाही चालायचं. देवधर, घ्या लिहून."

कॉलेजात मी कारकून. बावीस वर्षं सरांचं प्रत्येक पत्र मीच लिहीत आलो होतो. ते फक्त सही करत. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : 'स्वतःच्या हाताने लिहिलेलेच विद्यार्थ्याचे मानता येते. सबब अर्ज नामंजूर.'

सरांनी सहीसाठी पेन उघडलं.

शाहीन नम्रपणे म्हणाली, "सर, अक्षर देवधरकाकांचं आहे. मग अर्ज त्यांनी नामंजूर केला असं समजू का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"खोडा तो शेरा," सर म्हणाले. "नवा मी स्वतः लिहितो."

शाहीन बाहेर बाकावर थांबली. संध्याकाळी कार्यालय बंद झालं, तोवर सरांच्या हातून 'विषयांकित अर्जाबाबत' एवढंच लिहून झालं होतं. अर्ज प्रलंबित होता.